बेशरमाचं कुंपण

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलो, तेव्हा दगडी भिंतीचं कुणी नावसुद्धा काढत नव्हतं. म्हणून नाल्यावरून बेशरमाच्या फांद्या आणून मीच शेडभोवती कुंपण केलं. नुसती फांदी खोचली तरी ते झाड जगतं.

पुढं उन्हाळ्यात चारा मिळेना. आमची एकुलती शेळी दावं ताणून कुंपणाचा पाला ओढू लागली. काही दिवसांनी तिची मान डुगडुगायला लागली, पाय लटपटायला लागले. माय म्हणाली, "भूकंपाची धास्ती बसली हाय तिला." आम्हाला पटलं. त्या साली कोण कापत नव्हतं? दाराची कडी वाजली तरी आम्ही बाहेर पळायचो. मला तिची लई दया यायची. ती दुसऱ्या कशाला तोंड लावत नव्हती, म्हणून मी रोज बेशरमाचाच पाला तोडून तिच्यापुढं धरायचे. पावसाच्या तोंडावर ती बसली, ती उठलीच नाही.

आता मी लातुरात कोचिंगला जीवशास्त्र शिकवते. शेळीची मान डुगडुगली ती बेशरमातल्या विषानं, आणि ते विष झाड करतच नाही, त्याच्या पानावर झाडाशी जमवून राहणारी एक बुरशी करते, हे मी फार उशिरा वाचलं. क्षणभर हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच चीड आली. बुरशीनं काही पाला तोडून तिच्या तोंडाशी धरला नव्हता.

माय अजून सगळ्यांना सांगते, आमची शेळी भूकंपानं नेली. आणि शेजारी बसून मी अजून "हाव" म्हणते.