मोठं अक्षर व्याह्यांचं, बारीक अक्षर सुमीचं

आर्वीच्या माझ्या व्याह्यांना जिचा निकाल लावता आला नाही, अशी बातमी अजून कुठल्याही छापखान्यातून बाहेर पडलेली नाही. मी कचेरीतला हिशेबनीस. बेरीज दोनदा तपासल्याशिवाय खाली सही करायची नाही ही माझी सवय, म्हणून याही वाक्यात एक दुरुस्ती करून ठेवतो: एक बातमी सोडून. ती कोणती ते शेवटी सांगेन. बाकी नवं यंत्र निघो, नवा कायदा होवो, कुठली गिरणी बंद पडो की कुठली कंपनी सरकारजमा होवो, मथळा संपायच्या आत व्याह्यांचा फैसला झालेला असे. फैसले दोनच प्रकारचे. "सोळा आणे बरोबर!" नाहीतर "साफ चूक!" यांच्या मधली जागा त्यांच्याकडे नव्हती. "विचार करून सांगतो" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. सरकारनं नवे पैसे सुरू केले त्या दिवसापासून "सोळा आणे" बंद झाले आणि "शंभर नवे पैसे बरोबर!" सुरू झालं. कायदा पाळणारा माणूस!

आर्वीबाहेर त्यांची भाजीपाल्याची बाडी होती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि हंगामात टमाटे. घरात बाप आणि मुलगा दोघंच. मुलगा एस.टी.त कारकून. नागपूरचं वर्तमानपत्र पुलगावहून येणाऱ्या छोट्या गाडीनं संध्याकाळी पोचायचं आणि व्याही ते घ्यायला जातीनं स्टेशनवर हजर असत, जणू पत्रातून कोणी पाहुणाच उतरणार आहे. गठ्ठा सुटला की पहिला अंक त्यांचा. तिथंच फलाटावर उभं राहून ते मथळा वाचत आणि आजूबाजूच्या हमालांना, टांगेवाल्यांना, उतरलेल्या प्रवाशांना फैसला ऐकवत. विम्याच्या कंपन्या सरकारनं ताब्यात घेतल्या तेव्हा म्हणाले होते, "साफ चूक! आता मरालेबी अर्ज करा लागन. सायब दौऱ्यावर असला तं आठ दिवस जित्तं राहा!" हा फैसला आर्वीहून वर्ध्याला आमच्या कचेरीपर्यंत पोचला होता. त्या वेळी मला ठाऊक नव्हतं की हा गृहस्थ एक दिवस माझ्याच ओसरीवर येऊन बसणार आहे.

ते आले आमच्या सुमीला पाहायला. सुमी मॅट्रिक झालेली, रंगानं सावळी आणि स्वभावानं माझ्यावर गेलेली. यातली शेवटची गोष्ट लग्नाच्या बाजारात सर्वांत अवघड. आधीची दोन स्थळं "मुलगी फार बोलते" म्हणून परत गेली होती. वास्तविक ती फार बोलत नाही. चुकलेलं दिसलं की बोलते. आर्वीचा मुलगा सर्वांना आवडला होता, सुमीलाही. हे तिनं सांगितलं नव्हतं, पण त्या दिवशी चहात तिनं साखर दोनदा घातली त्यावरून तिच्या आईनं ओळखलं. आता हेही स्थळ गेलं तर पुढं कुणाच्या दारात जायचं, असा आमच्यापुढं प्रश्न होता.

त्या काळी मुलीला चालायला लावत, सुईत दोरा ओवायला लावत. व्याह्यांनी यातलं काहीच केलं नाही. काखेतलं वर्तमानपत्र काढलं, सुमीपुढं धरलं आणि म्हणाले, "वाच पोरी. वरचं मोठं वाच."

सुमीनं वाचलं, "मुलींना वडिलांच्या मालमत्तेत वाटा."

"सोळा आणे बरोबर!" व्याह्यांनी मांडीवर अशी थाप मारली की कपबश्या वाजल्या. "भेटलाच पायजे! आजपासून भेटला पायजे! काऊन नाई? पोरगी का बापाच्या घरी भाड्यानं राह्यते का?"

दाराआडून बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतींकडे पाहिलं. नोकरीत पोटाला चिमटा घेऊन बांधलेलं तीन खोल्यांचं घर. त्यातली एक खोली उठून आर्वीच्या मोटारीत बसलेली मला स्पष्ट दिसली. पाहायला येऊन वाट्याची भाषा बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मुलगा मान खाली घालून चटईच्या काड्या मोजत होता.

एवढ्यात सुमी, कोणी सांगितलं नसताना, पुढं वाचायला लागली. "खाली बारीक अक्षरात आहे. 'वडिलांनी मृत्युपत्र करून ठेवले असल्यास मालमत्ता त्या मृत्युपत्राप्रमाणे जाईल.'"

"काय म्हनलं? अजून एकडाव वाच."

तिनं त्याच आवाजात पुन्हा वाचलं.

"म्हंजे बापानं कागद लिवला तं पोरीले ठेंगा?"

"हो. असंच छापलं आहे."

"मंग मी सोळा आणे बरोबर काऊन म्हनलं?"

"तुम्ही पुढचं ऐकायच्या आधीच म्हणालात."

आत चुलीवरचं दूध उतू गेलेलं ओसरीवर सर्वांना ऐकू आलं. व्याह्यांनी पत्र हातात घेतलं, हात लांब करून पाहिलं, मग अगदी नाकाला लावून पाहिलं, घडी केली, टोपी सारखी केली आणि चहाला हात न लावता चालू लागले. मुलगा मागोमाग गेला. फाटकापाशी त्यानं एकदा वळून पाहिलं, एवढंच.

मग घरात जे व्हायचं ते झालं. "इतकं बारीक वाचायची काय गरज होती गं?" असं बायको रडत रडत म्हणाली. सुमी म्हणाली, "छापलं होतं ते वाचलं." आणि आत जाऊन भांडी घासायला बसली, घासलेलीच भांडी. मी कुणाला बोलणार? वरची ओळ वाचून सही करायची नाही, हे तिला मीच शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो तर फाटकात व्याही उभे. खांद्यावर वांग्यांचं पोतं. पहिल्या मोटारीनं आलेले. पोतं ओसरीवर टेकवलं आणि उभ्यानंच म्हणाले, "सायेब, पोरगी पसंत हाय."

मी चूळ गिळली.

"बसून सांगतो. माह्या डोयात मोतीबिंदू आला. मोठं दिसते, बारीक नाई दिसत. कोनाले सांगतलं नाई. पोराले वाचाले बसवतो तं थो मले बरं वाटन असंच वाचते. मी चूक म्हनलं का खालीबी चूकच छापलं हाय म्हनते. मी बरोबर म्हनलं का खालीबी बरोबर! दोन वर्स झाले, दिल्लीचं सरकार माह्याशी एकमत होऊन राह्यलं! आता तुमीच सांगा, असं होते का कुठी? मले शंका आलतीच."

"पण काल तुम्ही चहा न घेता..."

"आता चार लोकांत पोरीनं तोंडावर सांगतलं तं मानसाले घडीभर राग तं येईन का नाई? मोटारीत बसलो आन् उतरला. वाटा-गिटा मले काई नोको. तिले तेवढी पाठवजा. बारीक वाचनारी."

तेव्हापासून ते मला इवाई, म्हणजे व्याही, म्हणू लागले. लग्न साधेपणानं झालं. जेवणात वांगी त्यांच्या बाडीची, त्यामुळे भाजीला मागणी किती आणि तिखट किती यावरही त्यांचा निकाल झालाच.

पुढं आर्वीच्या घरात रोज संध्याकाळी कोर्ट भरू लागलं. व्याही स्टेशनवरून पत्र आणत, फलाटावरचा फैसला घरी दिवा लागल्यावर पुन्हा तपासला जाई. मथळा सुमी वाचे आणि थांबे. व्याही फैसला देत. मग ती बारीक अक्षर वाचे आणि वरच्या कोर्टात बहुधा फैसला फिरे. शेजारपाजारचे लोक चिवडा घेऊन ऐकायला येत. आपला जिल्हा मध्य प्रदेशातून काढून मुंबई राज्यात घातला, त्या दिवशी व्याही उठून उभे राहिले. "सोळा आणे बरोबर! खाटेवरून उठलो नाई, आन् बिनातिकिटाचा मुंबईले पोचलो!" पण फैसल्यावर लगेच अंमल करण्याच्या त्यांच्या खोडीमुळे सुमीला नेहमीच वेळ मिळे असं नाही. शेर, पावशेर जाऊन किलो येणार अशी बातमी आली. 'टप्प्याटप्प्याने' हा शब्द सुमी वाचते तोवर व्याह्यांनी आपली सगळी लोखंडी वजनं लोहाराला विकून टाकली होती. बाजारात तराजू आहे, वजन नाही. मला निरोप आला, "इवाई, किलो म्हंजे केवढा?" मी कळवलं, शेरापेक्षा थोडा जास्त. त्यांनी नाल्यातून एक गोटा निवडला, दोन्ही हातांत झुलवून पाहिला आणि जाहीर केलं, हा किलो. त्या गोट्यावर आर्वीनं कित्येक महिने वांगी खाल्ली. पुढं खरा किलो आला तेव्हा गोटा त्याच्यापेक्षा चांगलाच जड भरला. व्याही म्हणाले, "साफ चूक! सरकारचा किलो हलका निंगाला."

मोतीबिंदू काढून घ्या म्हणून मी अनेकदा सांगितलं. सेवाग्रामला घेऊन जातो म्हणालो. ते म्हणत, "बारीक वाचनारी घरात हाय. डोया कायले कापू?"

आता ती एक बातमी. रशियानं आकाशात गोळा सोडला तेव्हा व्याह्यांना आनंद आवरेना. पहाटे वांग्यांच्या वाफ्यात उभं राहून ते वर पाहत असत. दिसत काहीच नसे. पण "हाय वरते!" असं म्हणून वाफ्यांना पाण्याची बारी लावायला जात. थोड्याच दिवसांत दुसरी बातमी आली. मी त्या संध्याकाळी लेकीला भेटायला आर्वीत होतो आणि तिच्या शेजारीच बसलो होतो. सुमीनं मथळा वाचला, "रशियाच्या दुसऱ्या उपग्रहातून कुत्री अंतराळात."

"शंभर नवे पैसे..." म्हणून व्याही थांबले. "कुत्री? एकटी?"

"हो, मामाजी."

"तिले खायाले कोन देते?"

"खाण्याची व्यवस्था केली आहे म्हणतात."

"आन् वापस कवा येते? पाय बरं, बारीक अक्षरात असन."

बारीक अक्षरात होतं. सुमीच्या बोटाखालीच ती ओळ होती, मीही वाचली. कुत्रीला परत आणण्याची सोय केलेली नाही. व्याह्यांच्या बाडीत एक म्हातारी कुत्री होती. तिला पहिला तुकडा टाकल्याशिवाय हा माणूस जेवत नसे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

सुमी म्हणाली, "इथं पुसट आलं आहे, मामाजी. लागत नाही."

व्याह्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना काय दिसत होतं देव जाणे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इवाई, तुमची पोरगीबी माह्या पोरासारखी वाचाले शिकली." आवाजात राग नव्हता. थोड्या वेळानं म्हणाले, "बरं केलं, पोरी. घडी कर." ना चूक, ना बरोबर. त्या रात्री जेवायच्या आधी ते तुकडा घेऊन अंगणात गेले आणि नेहमीपेक्षा बराच वेळ बाहेर राहिले.

त्यांना जाऊन आता वर्ष होईल. शेवटपर्यंत डोळा कापला नाही. मी माझं मृत्युपत्र अजून केलेलं नाही. कचेरीतले लोक म्हणतात, तुमच्यासारख्या व्यवस्थित माणसानं हे कसं राहू दिलं? राहिलेलं नाही, ठेवलं आहे. कायद्यानं जो वाटा सुमीला मिळायचा तो मिळू द्या. तो सोळा आणे बरोबर आहे, असं एका माणसानं माझ्याच ओसरीवर जाहीर केलं होतं.

परवा आर्वीला गेलो. पत्र आता जावई आणतात. दिवा लागला, सुमीनं मथळा वाचला आणि सवयीनं थांबली. व्याह्यांच्या जागी त्यांची उशी तशीच भिंतीला टेकवलेली. मी आयुष्यात कधी पुढची ओळ ऐकल्याशिवाय मत दिलेलं नाही. पण ती शांतता काही मला सहन होईना. मी मांडीवर थाप मारली आणि ओरडलो, "साफ चूक!"

सुमी दचकली. मग हसली, पदरानं डोळे पुसले, आणि बारीक अक्षर वाचू लागली.