औषधांची बाजू मी लढवली

मार्गशीर्षातला गुरुवार. मी तुरीची डाळ निवडत होते आणि बाहेरच्या खोलीत नवऱ्याच्या हृदयावर शास्त्रार्थ चालू होता.

चूक डॉक्टरांची. संकठा घाटाच्या पायऱ्या चढताना यांच्या छातीत दुखायचं, तपासणीत एक रक्तवाहिनी बरीच बंद निघाली. "दवा से भी चल सकता है, बायपास भी होता है. मेरी राय में स्टेंट. घर में चर्चा कर लीजिए, कल बताइए." काशीत न्यायशास्त्र, म्हणजे वादाचंच शास्त्र, शिकवणाऱ्या माणसाला म्हणे चर्चा करा! (माकडांना गच्चीचं दार उघडून द्यावं, तसलाच प्रकार.)

हे स्वतःच मध्यस्थ होऊन लोडाला टेकले. माझे दीर माधवभाऊजी स्टेंटच्या बाजूने, चुलतसासरे नाना बायपासच्या.

"जाळी बसवली की लगेच घरी!" भाऊजी म्हणाले.

"आणि तुंबली तर? तुझा बाप येणार उपसायला?"

"नाना, माझा बाप म्हणजे तुमचाच भाऊ!"

"म्हणूनच सांगतो. त्याला साधा नळ दुरुस्त करता येत नव्हता!"

तेवढ्यात हे म्हणाले, "औषधपक्ष कोण मांडणार? एक पक्ष रिकामा ठेवून निर्णय देता येत नाही."

मला स्टेंटच हवा होता. पण स्वयंपाक खोळंबला होता. डाळीची परात सरकवून बाहेर आले. "मी मांडते!"

आणि मांडला! कापाकापी नको, तार घालणं नको. गोळ्या वेळेवर, तेल-मीठ कमी. पथ्य कोण सांभाळणार? मी! या घराला रोज वेळेवर कोण उठवतं? मीच! भाऊजी मान डोलवू लागले. नाना तर डोळे मिटून "साधु, साधु" म्हणाले.

"औषधपक्ष विजयी," यांनी जाहीर केलं. "स्टेंट रद्द."

"अहो, मी नुसतं मांडलं! मला स्टेंटच हवाय!"

"मग खंडन कर."

करायला गेले, तर माझे मुद्दे इतके पक्के की मलाच खोडता येईनात! हे खुशीत उठले. (स्टेंटच्या नावाने हे पहिल्यापासून घाबरलेत, हे मला तेव्हा कळलं.) गच्चीचा जिना चढू लागले आणि मध्येच छातीवर हात ठेवून थांबले. नानांनीच धरून यांना पायरीवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं आणि हात जोडले. "डॉक्टरसाहब, घर में तो कोई बचा नहीं. आप ही किसी तरह मुझे हरा दीजिए!"