एस्तेरबाईंची समोरची खोली

नवी नवरी म्हणून राजूरला आले तेव्हा मी अशी अकलेचा कांदा होते, की पाडव्याच्या सकाळी शेजारच्या एस्तेरबाईंच्या मेझुझाला हळदकुंकू लावून आले. चौकटीवर तिरपी ठोकलेली बोटभर नळी. आत त्यांची ज्यू धर्मवचनं असतात, हे मला काय ठाऊक! वाटलं, देव आहे, सणाच्या दिवशी कोरा कशाला ठेवा? खाणीच्या दवाखान्यात नर्स असलेल्या एस्तेरबाई ड्युटीवरून आल्या, बघितलं आणि हसत पायरीवरच बसल्या. "काय वं पोरी, आमच्या देवाले कपाळच नाही. तू कुंकू लावलं कुठं?"

इतक्या वर्षांच्या शेजारानंतर त्या गेल्या... मन अजून मानत नाही. आदल्या संध्याकाळी कुंपणावरून मला दटावलं होतं, "उद्या एलियाहू नबीच्या मलिद्याचे पोहे भिजवतो, नारळ खोवून आण. मागच्यासारखा जाडा नको आणू." सकाळी वाटी घेऊन गेले तर समोरच्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या. डोळ्यांवर चष्मा, हात गार. मी आधी काय केलं? पंखा बंद केला. थंडी वाजत असेल म्हणून...

ती खोली म्हणजेच त्यांचं संग्रहालय. त्यांचे बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले ज्यू, नातलग एकेक करून इस्राएलला गेले. जाताना कोणी शनिवारच्या शब्बाथचा दिवा, कोणी आजीची लग्नातली साडी, कोणी प्रार्थनेचं मराठी पुस्तक बाईंच्या हवाली करून गेलं. बाईंनी सगळं कपाटांत मांडलं, शाळांना बोलावलं. आता लेक रूथ तिकडून आली ती सगळं न्यायलाच. "मावशी, इथं आता पाह्यनारं कोन हाय?" भिंतीवर नुसते खिळे उरले. ते बघून मला दुसऱ्यांदा धक्का बसला, पण अडवायला मी कोण?

त्यातच मारेगावच्या शाळेतल्या मुली दारात. सहल आधीच ठरलेली, कळवायचं राहून गेलेलं. परत कशा धाडू? बंद पेट्यांवर बसवल्या आणि बाईंच्या तोंडून ऐकलेलं ठोकून दिलं : कोकणच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, घोड्यावर बसून स्वर्गाला गेलेला एलियाहू नबी. टापा जिभेने वाजवून दाखवल्या. पोरी खिदळल्या. एकीने विचारलं, "आजी, तुमी त्याईच्यातल्या हाव का?"

"नाही वं, मी शेजारची."

रूथ हातात सुतळी घेऊन दारात उभी होती. मुली गेल्यावर माझ्याजवळ आली, डोळे पुसले आणि म्हणाली,

"मावशी, एलियाहूले तू घोड्यावर काहून बसवलं? रथ होता त्याले! खोल ती पेटी, त्याचं रथातलं चित्र बाहेर काढ, लाव भिंतीवर... अन् पुढच्या पोरीईले नीट सांगत जा."