रिकाम्या खुर्चीची चाकरी

सोतोफ्रिओच्या माळावर आन्सूरेसांचं घर होतं. दारावर दगडात कोरलेली ढाल, ढालीवर दोन लांडगे, आणि आत चुलीवर बहुतेक दिवशी लसूण घालून उकळलेलं पाणी, त्यात शिळ्या पावाचे तुकडे. हिदाल्गोंचं, म्हणजे नुसत्या नावाच्या उमरावांचं, खानदान. नांगराला हात लावला तर अब्रू जायची आणि नाही लावला तर उपाशी राहायचं. आन्सूरेसांनी चार पिढ्या अब्रू सांभाळली. मेन्सिया सून म्हणून आली तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी तिला बजावलं, "बाई गं, दार लावून जेवायचं. आपण काय जेवतो ते गावाला दिसता कामा नये."

लग्नाला पाच महिने झाले आणि तिचा नवरा सुएरो मामाचं खेचर मागून घेऊन राजाच्या दरबारात गेला. वय बावीस. "दोन वर्षांत येतो," म्हणाला.

माणसं तलवारीच्या जोरावर वर चढतात असं भाट लोक सांगत फिरतात. त्यांना काय, गायचं असतं. सुएरो नुसता उभा राहून वर चढला. आधी तो राजाच्या शयनगृहाबाहेर भाला घेऊन उभा राहिला. मग आत, मेणबत्ती धरून. मग हात धुवायच्या पाण्याची झारी घेऊन. तो इतका चांगला उभा राहायचा की खोलीत कुणी आहे हे राजाला आठवायचंही नाही, आणि दरबारात याहून मोठा गुण नाही. पुढे राजाचं ताट त्याच्याकडे आलं. ताटातला पहिला घास सुएरोने खायचा, तो जिवंत राहिला की मग राजाने जेवायचं. बड्या बड्या घरची मुलं त्या जागेसाठी टपलेली असत. ती सोतोफ्रिओच्या कफल्लकाला मिळाली, आणि त्यातूनच तो खासगीचा प्रमुख झाला. राजाचे कपडे, राजाचं ताट, राजाची दारं, सगळं त्याच्या हाताखाली.

वर्षातून दोनदा, फार तर चार दिवस, तो घरी यायचा. एक मूल झालं आणि आठव्या महिन्यात गेलं, तेव्हाही तो कुठल्याशा किल्ल्यात झारी धरून उभा होता. मेन्सियाने वीस वर्षं तक्रार केली नाही. खोटं कशाला बोलू, केली, पण भिंतींपाशी. तिला सरदारीण व्हायचं नव्हतं. एकाच टेबलाशी समोरासमोर बसून, घाई न करता, नवऱ्याने तिच्याबरोबर जेवावं, एवढंच तिला हवं होतं. तो घरी आला तरी उभ्यानेच जेवायचा. सवय, दुसरं काय.

मग एका शरद ऋतूत शिकारीच्या वाटेवरच्या एका बुरुजात राजा वारला. महिन्याभराने सुएरो परत आला तो सनद घेऊन. वाल्मोरेनो हे अख्खं गाव, दोनशे घरं, पाणचक्की, ऑलिव्हची बाग, सगळं त्याला इनाम. सनदेखाली राजाच्या हातची सही होती, जराशी वाकडी. आता तो दॉन सुएरो झाला. गावकऱ्यांनी रांगेने येऊन त्याचा हात चुंबला. सासू हे बघायला राहिली नव्हती, म्हणून मेन्सियाला जरा वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर ती त्या दिवशी हरखून गेली होती. आता हा माणूस बसेल, असं तिला वाटलं.

नव्या घरातलं पहिलं जेवण. कोकराचं मांस, हरभरे, पांढरा पाव. टेबलाच्या टोकाला उंच पाठीची खुर्ची होती, ती मेन्सियाने सुएरोसाठी पुसून ठेवलेली. सुएरो आला, त्याने ताट उचललं, एक घास खाल्ला, थोडा वेळ थांबला, आणि ताट त्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवून दोन पावलं मागे उभा राहिला.

"अहो, बसा ना. गार होतंय."

"हळू बोल," तो म्हणाला. "महाराज जेवतायत."

मेन्सिया हसली. "इश्श, आता पुरे की थट्टा! दरबार सुटला तुमचा."

तो हसला नाही. जरा वेळाने त्याने तस्त आणि झारी घेतली, तस्त खुर्चीपुढे धरलं आणि पाणी ओतलं. पाणी सरळ तस्तात पडलं नाही. मध्येच, वीतभर वर, कशावर तरी आदळून ते फुटलं आणि दोन्ही बाजूंनी निथळत खाली आलं. दुपारचं लख्ख ऊन टेबलावर पडलं होतं. बाहेर कुणीतरी गाढवाला शिव्या घालत होतं. असल्या वेळी असलं काही दिसू नये.

सुएरोने ताट तिच्या हातात दिलं. सुएरोच्या एका घासापलीकडे अन्नाला कुणी हात लावला नव्हता. पण चुलीवरून आत्ता काढलेल्या मांसावर चरबी पांढरी गोठली होती.

चार दिवसांनी मोलकरीण जुस्ता आपलं गाठोडं घेऊन समोर उभी राहिली. "बाईसाहेब, मी आईकडे जाते."

"काय पाहिलंस तू?"

"काही नाही पाहिलं. म्हणून तर जाते. खुर्चीत कुणी नाही आणि गादी दबलेली आहे. तुमची गादी तुम्हीच झटका."

आधी हे जेवणापुरतं होतं. मग सकाळी सुएरो कोट उघडून हवेत धरायला लागला, कुणाचे तरी हात बाह्यांत जाण्याची वाट बघत. नाताळपर्यंत तो खोलीत शिरण्याआधी दारापाशी थांबून परवानगी घेऊ लागला. मेन्सियाने काही विचारलं तर आधी खुर्चीकडे बघायचा, मग उत्तर द्यायचा. पुढे पुढे उत्तरही देईना. त्याची हाडं दिसू लागली, पाय सुजले. दरबार तिचा अर्धा नवरा घेऊन गेला होता. उरलेला अर्धा आता तिच्या डोळ्यांदेखत चालला होता.

एके सकाळी तिने त्याला हाताला धरून बागेत ओढत नेलं, ऑलिव्हच्या झाडाखाली ढकलून बसवलं, आणि स्वतः वाट अडवून उभी राहिली.

"बोला. काय केलंत तुम्ही त्या बुरुजात?"

"महाराज मंगळवारी गेले," तो म्हणाला. "सनदेवर तारीख गुरुवारची आहे."

"युवराज पोचेपर्यंत बातमी फुटू द्यायची नाही, असा मुख्य कारभाऱ्यांचा हुकूम होता. मग मी रोजच्यासारखंच केलं. ताट आत नेलं, घास खाल्ला, हात धुतले त्यांचे. बाहेर लोकांना भांड्यांचे आवाज यायला हवे होते ना! गुरुवारी कारभाऱ्यांनी स्वतःसाठी एक कागद आणला आणि माझं तोंड बंद राहावं म्हणून एक माझ्यासाठी. मी महाराजांच्या बोटांत लेखणी धरवली. पण बोटं वळेनात. तेव्हा मी कानाशी वाकून म्हटलं, महाराज, हात जरा सैल सोडा."

"मग?"

"सोडला," सुएरो म्हणाला.

मेन्सिया त्याच्याशेजारी बसून रडली. पण ती बाई मोठी खंबीर होती. रडून झाल्यावर ती विचार करायला लागली.

त्या मुलखात चाकरी धरताना धन्याचा हात चुंबतात, आणि सोडतानाही चुंबतात. तिच्या वडिलांनी एका माजोरड्या सरदाराची चाकरी अशीच सोडली होती. भर अंगणात हात चुंबून म्हणाले होते, आपला हात चुंबतो, आणि आजपासून मी आपला नाही. एवढं बोललं की माणूस मोकळा. धनी मेला तर गाठ आपोआप सुटते, बोलायचीही गरज नसते. पण सुएरोने मेलेल्या धन्याला दोन दिवस जिवंत ठेवलं होतं. त्याला जेवू घातलं होतं, वर त्याच्याकडून इनाम घेतलं होतं. मग त्याची गाठ सुटणार कशी?

"रजा घ्यायची राहिलीय तुमची," ती म्हणाली. "चला, जाऊन घेऊ."

"सनद परत करायची नाही ना?" त्याने लगेच विचारलं.

तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. "नाही हो. गाव ठेवा तुमचं. फक्त हात चुंबा आणि या."

राजाला सांता क्रिस्तेताच्या मठात ठेवलं होतं. चार दिवसांची वाट. दर दुपारी सुएरो खेचरावरून उतरून रस्त्याकडेच्या एखाद्या दगडापुढे पाव ठेवून उभा राहायचा, आणि येणारे-जाणारे छातीवर क्रूसाची खूण करून लांबून जायचे. मेन्सिया लाजेने अर्धी झाली. पण थांबली नाही.

मठाची थोरली जोगीण समंजस निघाली. समाधीचा दगडी पुतळा अजून व्हायचा होता, कारागीर राजाच्या नाकापाशी अडला होता, म्हणून राजा बाजूच्या खोलीत लाकडी पेटीतच होता. "त्यांच्या खासगीतले तुम्ही. तुम्हाला नाही कसं म्हणू?" जोगीण किल्ल्या काढत म्हणाली. "पण लवकर आटपा. आणि बाई, तुम्ही जरा लांबच थांबा. बघण्यासारखं काही राहिलेलं नाही."

झाकण बाजूला झालं. मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास आला. सुएरो गुडघ्यांवर बसला, त्याने आत हात घालून काहीतरी हलकंसं, काळपट उचललं आणि ओठांना लावलं. मेन्सिया चार हातांवर उभी होती. तिने इतक्या कळकळीने आयुष्यात कधी देवाची प्रार्थना केली नव्हती.

"महाराज, आपला हात चुंबतो," सुएरो म्हणाला, "आणि आजपासून मी..."

तो थांबला. त्याने मान जराशी कलती केली, ऐकताना करायचा तशी. मेन्सियाला काहीही ऐकू आलं नाही. पण पेटीच्या कडेला टेकवलेल्या मेणबत्तीची ज्योत एकदम आडवी झाली, कुणी तिच्याजवळ बोलावं तशी, आणि पुन्हा सरळ झाली. जोगीण भिंतीला चिकटली.

"जशी आज्ञा, महाराज," सुएरो म्हणाला.

अंगणात आल्यावर मेन्सियाने त्याला गदागदा हलवलं. "बोलला का नाहीत पुढे? दोन शब्द राहिले होते! काय झालं?"

सुएरोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतका सुखी तो तिला लग्नातही दिसला नव्हता. "म्हणाले, माझ्यासारखा चाकर त्यांना दुसरा मिळाला नाही. मेन्सिये, वीस वर्षांत एकदाही असं बोलले नव्हते गं! माझं नावसुद्धा कधी घेतलं नव्हतं. आज घेतलं."

"अहो..."

"आणि मला मुख्य कारभारी नेमलंय."

"कुठला कारभारी? कुणाचा?"

"तिथला," तो म्हणाला. "तिकडे दरबार फार वाढलाय म्हणाले. माणसं येतच असतात. कुणीतरी माहीतगार हवा."

इतके महिने मेन्सियाला वाटत होतं की मेलेल्या माणसाने तिचा नवरा धरून ठेवलाय. धरलं कुणीच नव्हतं. दार उघडं होतं, आणि हा माणूस दारात उभा राहून आत यायची परवानगी मागत होता. तिला राग आला नाही. तिला त्याची फार फार दया आली, आणि स्वतःचीही.

तिने ओढणी सारखी केली. अंगणाच्या फरशीवर, जोगिणींच्या देखत, ती गुडघे टेकून बसली आणि तिने नवऱ्याचा उजवा हात हातात घेतला. ऊन चांगलं तापलं होतं, पण त्याचा हात बर्फासारखा गार होता. तिने तो चुंबला.

"दॉन सुएरो, आपला हात चुंबते," ती म्हणाली, "आणि आजपासून मी आपली नाही."

बायकोला असं सोडता येतं की नाही, कुणास ठाऊक. कुणी ऐकलेलं नाही. पण सुएरो दरबारी माणूस होता, आणि हे शब्द कानावर आले की धन्याने काय करायचं हे त्याला पाठ होतं. त्याने जराशी मान झुकवली.

"रजा आहे," तो मोठ्या अदबीने म्हणाला, आणि घाईघाईने आत परत गेला. महाराजांच्या जेवणाची वेळ झाली होती.