टॅपेटची टकटक

आमच्या पिकअपचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा, आणि त्या आवाजाच्या जोरावर मी नवऱ्याशी आणि त्याच्या मिस्त्रीशी भांडून जिंकले. हे मी आजही येईल त्याला तोंडभरून सांगते.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. जुन्या इमारतींत रोज नवं खातं उघडायचं आणि खात्याला टेबलं-कपाटं लागायची. सिलतऱ्याच्या कारखान्यात लोखंडाच्या धुळीनं नवऱ्याला खोकला जडला होता. म्हणून त्यानं नोकरी सोडून जुनी डिझेल पिकअप घेतली आणि ते फर्निचर वाहू लागला. खोकला थांबला. मला तेवढंच हवं होतं.

मग गाडी मिसिंग करू लागली. सकाळी ठणठणीत, पण गोल बाजारातून माल भरून निघाली की गचके खायची, चढावर जीव सोडायची. बूढापाऱ्यात आमच्या गल्लीतच मिस्त्रीचं गॅरेज होतं. गाडी तापलेलीच तिथं नेली. त्यानं चालू इंजिनावर डिझेल सोडणाऱ्या एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करून पाहिला. तिसऱ्याचा नट सोडला तरी आवाज बदलेना, म्हणजे तो सिलेंडर कामच करत नव्हता. मग इंजेक्टर काढून तिथं कम्प्रेशनचं, म्हणजे आतला दाब मोजायचं मीटर लावलं. काटा अर्ध्यावरच अडला.

"पिस्टन की रिंग गई भैया. इंजन खोलना पड़ेगा," मिस्त्री म्हणाला.

तेवढी आमची ऐपत नव्हती. नवऱ्यानं गाडीला गिऱ्हाईक शोधलं आणि कारखान्यातल्या जुन्या सुपरवायझरलाही निरोप धाडला. ते कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"पुन्हा त्या धुळीत जाता? मले नाही चालत!"

"मंग काय करू? तूच सांग."

सांगायला माझ्याकडे होतं. रिंगा गेलेल्या गाड्या मी गल्लीत रोज ऐकायची. त्या सकाळी सुरूच होत नाहीत, लोकांना ढकलाव्या लागतात. आमची एका किल्लीत सुरू व्हायची, बिघडायची ती तापल्यावर. शिवाय तिची जुनी टकटक बंद झाली होती. साहेबांच्या बंगल्यांवरचे चौकीदार आवाजावरून फाटकातच खडसावत, म्हणून नवऱ्यानं एका रविवारी स्वतः पाना घेऊन वाल्व्ह दाबणारे टॅपेट आवळले होते. वर मला बाहेर बोलावून ती शांतता कौतुकानं ऐकवली होती.

मी त्याला घेऊन तडक गॅरेज गाठलं. "भैया, कुकर का रबर ठीक है, ढक्कन नहीं बैठ रहा. इन्होंने टॅपेट कस दिए हैं."

"अवं, टॅपेटचा न कम्प्रेशनचा काय संबंध?" नवरा वैतागला.

मिस्त्री त्याच्याकडे बघतच राहिला. टॅपेटला कागदाएवढी फट लागते, टकटक तिचीच. ती नसली की तापलेला वाल्व्ह, म्हणजे सिलेंडरचं झाकण, लांबतो, पुरता मिटत नाही आणि दाब निसटतो. "बताया काहे नहीं?" तो ओरडला.

"तूने पूछा कब?" नवराही ओरडला. मी दोघांनाही गप्प केलं आणि थंड इंजिनावर मीटर लावायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर लावलं. गाडीचं गिऱ्हाईकही गॅरेजच्या दारात हजर होतं. काटा सरसर वर गेला, म्हणजे रिंगा शाबूत होत्या! मग मिस्त्रीनं फट मोजायची पातळ पत्ती घालून फट मोकळी केली, गाडी पार सिलतऱ्याच्या रस्त्यापर्यंत फिरवून आणली आणि गरम इंजिनावर पुन्हा मीटर लावलं. काटा वरच राहिला. "हव भाभी, ढक्कन ही था," मिस्त्री म्हणाला. गिऱ्हाइकाला मी दोन कप चहा पाजून परत पाठवलं. इतका गोड चहा मी पुन्हा कोणाला दिला नाही.

त्याच आठवड्यात एका बंगल्यावर कपाटं पोचवायची होती. मी हट्टानं पुढं बसले. टकटक ऐकून चौकीदार हात आडवा करून धावत आला, "इतना आवाज काहे का?"

"इंजन है भैया, आवाज तो करेगा," नवरा म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसायला लागला. फाटक उघडेपर्यंत हसतच होता, आणि त्या हसण्यात त्याला एकदाही खोकला आला नाही.