धवलेरीच्या तोंडचं नाव

खोडाळ्याच्या बाजारात पोशीला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. आसपासच्या पाड्यांवरची निम्मी लग्नं तिनेच लावलेली. वारल्यांच्या लग्नाला भट लागत नाही, धवलेरी लागते. तांदळाच्या पिठाने भिंतीवर देवीचा चौक काढला की ही बाई त्याच्यासमोर बसून गाते, आणि गाता गाता नवरानवरीचं नाव घेऊन त्यांना देवीच्या ओटीत घालते. नाव घेतलं की लग्न लागलं. बाकी जेवणखाण, नाच ही माणसांची हौस. चाळीस वर्षांत नावाच्या बाबतीत आपल्या तोंडून एकदाही खोटं गेलं नाही, याचा पोशीला ताठा होता. ताठा करावा असं दुसरं काही तिच्यापाशी नव्हतंही.

मागच्या वर्षी कुठल्याशा महोत्सवात तिला नेलं, शाल घातली, संस्कृतीचा ठेवा म्हणाले आणि दोन कडव्यांत माईक काढून घेतला. ती शाल तिने कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली. तिथे निदान ऊब तरी झाली.

पण जयश्रीचं लग्न म्हणजे महोत्सव नव्हे. जयश्री तिची नात. सून पुष्पा काविळीने गेली, मुलगा देवानंद भिवंडीला बांधकामावर, तेव्हा पोरीला पोशीनेच वाढवलं. हिचं नाव आपल्या तोंडून देवीला सांगायचं, मग डोळे मिटले तरी चालतील, असं ती येताजाता म्हणायची.

देवानंद गावी आला तो सगळं ठरवूनच. जव्हारचे गुरुजी, मंगलाष्टकं, डीजे. नवऱ्याकडच्यांना चौकासमोर दोन दिवस बसायला वेळ नव्हता. पोशी म्हणाली, दोन दिवस नकोत, नाव घेण्यापुरतं गाऊ दे. देवानंद माणूस वाईट नाही. त्याला वाटलं, आपण आईचा मान राखतोय.

“तुजा गाना हाय ना मोबाईलमधी,” तो म्हणाला. “तोच लावू. नावापुरता माईक तुला देऊ.”

लग्नात पोशीला पुढच्या खुर्चीवर बसवलं. गुरुजींचं आटोपलं, पाहुण्यांचे सत्कार सुरू झाले आणि माईक एका पुढाऱ्याच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरत राहिला. पोशी दोनदा उठली, दोनदा तिला प्रेमाने खाली बसवलं. मग डीजेवाल्याने ढोलाचा ठेका जोडून तिचं गाणं लावलं. पोरं नाचायला लागली. स्वतःचा अकरा वर्षांपूर्वीचा खणखणीत आवाज ऐकून म्हातारी क्षणभर सुखावलीसुद्धा.

तेवढ्यात त्या आवाजाने नाव घेतलं. नवरी पुष्पा, नवरा देवानंद.

गाणं देवानंदच्याच लग्नातलं होतं. वारल्यांत आधी संसार होतो, लग्न जमेल तेव्हा. त्यांचं लागलं तेव्हा जयश्री नऊ वर्षांची होती आणि आईला टेकून बसली होती. आता तिच्याच मांडवात मेलेल्या आईचं लग्न पुन्हा लागत होतं, आणि लावणारा आवाज पोशीचा होता. तिने देवानंदकडे पाहिलं. तो पंगतीत वाढप्यांवर ओरडत होता. गाण्यातले शब्द ऐकायचे असतात हे त्या मांडवात तिच्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं.

निघताना जयश्री जीपमधून वाकली. तिने आजीचा हात घट्ट धरला.

“आजी, ढोलात काय कळला नाय. माजा नाव घेतलास ना?”

पोशीने तिच्या कपाळावरचा हळदीचा ओघळ पुसला. या पोरीला आता काय सांगायचं?

“घेतला, पोरी. पयला तुजाच.”

जयश्री हसली. जीप गेली.

पंधरा दिवसांनी वरच्या पाड्यावरचा मंगळू आला. मुलाचं लग्न होतं आणि त्याला सगळं जुन्या रीतीने हवं होतं, चौक, दोन दिवसांचं गाणं, सगळं. असं बोलावणं पोशीला चार वर्षांत आलं नव्हतं. तिने त्याला पाणी दिलं, बसवलं.

“माज्या तोंडाने आता लगीन लागत नाय,” ती म्हणाली.

मंगळूला वाटलं, म्हातारी थकली. तो तसाच खोडाळ्याला डीजे ठरवायला गेला.