आत्याच्या खुर्चीचं कलम

अख्ख्या हॉस्पिटलची वाचा बसली ती एका लॅपटॉपपायी. तळघरातल्या टेलिफोन एक्सचेंजच्या खोलीत विजेचं एकच सॉकेट होतं आणि त्यात आधीच एक पिवळी पडलेली पिन ठाण मांडून बसली होती. कॉम्प्युटर विभागातून आलेल्या हुशार गृहस्थांनी फारसा विचार न करता ती उपटली आणि स्वतःची खुपसली. कपाटाएवढ्या त्या जुन्या यंत्रानं एक उसासा टाकला, दिवे मालवले आणि मौन धरलं. अशा वेळी धावून यायच्या त्या बॅटऱ्या केव्हाच निवर्तल्या होत्या. कुणी मनावर घेतलं नव्हतं, इतकंच. वर रक्तपेढीशी बोलणाऱ्या नर्सचा "बी" एवढाच उच्चार पलीकडे पोचला. पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, ते तारेतच राहिलं आणि ते सांगायला बिचारीला जिने उतरत धावावं लागलं.

खुर्चीवरच्या ऑपरेटरबाईंनी कानावरचा हेडफोन काढून मागे वळून पाहिलं.

"कोण? दिवा का? वाटलंच मला."

दिवा म्हणजे हेच गृहस्थ. घराण्यातला पहिला मुलगा, म्हणून लहानपणी कौतुकानं पडलेलं नाव. ठेवलं होतं आत्यानं, आणि खुर्चीवर बसली होती ती हीच आत्या. आता त्या नावातलं कौतुक आटून गेलं होतं, नाव तेवढं उरलं होतं.

"अगं, मला वाटलं पंख्याची पिन आहे."

"पंखा तुझ्या डोक्यावर फिरतोय. वर बघायचीच सवय नाही, त्याला पंखा काय करणार?"

"लावतो परत."

"हात लावून तर बघ! हो बाजूला. आणि ते तुझं दप्तर उचल आधी."

दिवा आला होता तो कामानं. जुनं एक्सचेंज शेवटच्या घटका मोजत होतं. त्याच्या जागी इंटरनेटवरून फोन चालवणारा सर्व्हर घ्यायचं वरच्यांनी ठरवलं होतं आणि तो कसा हवा, त्याला काय काय यायला हवं, हे सगळं लिहून काढायची कामगिरी दिव्यावर पडली होती. अशा कागदाची एक गंमत असते. त्यात नाही ते येत नाही, आणि त्यात आहे ते चुकून लिहिलेलं असलं तरी हटकून येतं. शिवाय हा नवा सर्व्हर स्वतःच फोन उचलणार होता. चौकशीसाठी एक दाबा, बिलासाठी दोन दाबा, असं न थकता, न चिडता बोलणार होता. म्हणजे आत्याची खुर्ची जाणार, हे उघड होतं. झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि आत्याच्या तापलेल्या डोक्याचं कारणही सगळ्यांनी तेच धरलं होतं.

दिव्यानं तर मनाशी पक्कं केलं होतं. काही झालं तरी आत्याची खुर्ची वाचवायची. त्यासाठी कागदात एक कलमच घालायचं, तिला न सांगता, न कळता. मानी बाई आहे, तोंडानं कधी मागणार नाही.

आत्याचा आवाज गावभर माहीत होता. घाबरलेली माणसं फोन करायची, "आमचे वडील तिथे आणलेत का हो?" म्हणून रडायची, आणि आत्या त्यांना आधी दरडावायची, "रडणं थांबवा, नाव सांगा," आणि मग बरोबर त्या खाटेजवळच्या नर्सशी जोडून द्यायची. बाजारात तिनं नुसतं "काय भाव?" विचारलं तरी दुकानदार मान वर करायचा. "बाई, तुमचा आवाज कुठंतरी ऐकलाय."

"ऐकलाच असेल," आत्या फणकारायची. "बघितलं नसेल मात्र कुणी."

दिव्याला हा तिचा विनोद वाटायचा.

पिनेच्या प्रकरणानंतर तिनं घरी त्याच्याशी अबोला धरला. आत्याचं लग्न झालं नव्हतं. मागच्या खोलीत ती, पुढच्या दोन खोल्यांत दिवा आणि त्याची आई. एवढ्याशा घरात अबोला पाळायचा म्हणजे मधे निरोप्या हवा. ते काम आईकडे आलं.

"वहिनी, तुमच्या चिरंजीवांना म्हणावं, न्हाणीघरातला दिवा मालवत जा. दुसऱ्यांचे बरे मालवता येतात."

"ऐकलंस ना रे?" आई विचारायची.

"आई, आत्याला सांग, त्या कागदाची काळजी करू नकोस म्हणावं. मी आहे."

"वन्सं, तो म्हणतोय—"

"ऐकलं मी. त्याला सांगा, तू आहेस हीच काळजी आहे. आणि म्हणावं, माझ्या खुर्चीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही त्यात."

आईनं भाकरी उलटावी तशी मान इकडून तिकडे फिरवली. "तुम्ही दोघं एक फोन का नाही घेत मधे?"

दिव्याला मात्र गहिवरून आलं. काय हा स्वाभिमान! नोकरी जायची वेळ आली तरी बाई वाकायला तयार नाही. त्यानं त्याच दिवशी खुर्चीचं कलम दुपटीनं लांब केलं.

कागदाचा कच्चा मसुदा वापरणाऱ्यांना दाखवायचा असा नियम होता. वापरणारी म्हणजे आत्याच. तेव्हा दिव्याला पुन्हा तळघरात उतरणं भाग पडलं. जिन्याच्या पोटात कोंबलेली ती खोली. एक ट्यूबलाइट, ओल आलेली भिंत, आत्याची उशी घातलेली खुर्ची, आणि दाराबाहेर औषधांच्या रिकाम्या खोक्यांचा डोंगर. दिवस आहे की संध्याकाळ, ते इथे आत येणाऱ्याच्या घामावरून ओळखायचं.

दिव्यानं खुर्चीचं पान हळूच मागे ठेवलं आणि बाकीचे कागद पुढे केले. आत्यानं चष्मा चढवला.

"एकाच वेळी किती फोन चालले पाहिजेत, ते लिहिलंय. बरं. जुनी यंत्रं टाकून न देता नव्याला जोडता आली पाहिजेत. बरं. वीज गेली तरी चालू राहिलं पाहिजे." तिनं चष्म्यावरून पाहिलं. "हे कुणाच्या अनुभवावरून लिहिलंस?"

दिव्यानं घाईघाईनं पुढचं पान उलटलं.

"आणि हे काय? 'पाहुण्यांना त्यांनी सांगितलेल्या वेळी पहाटे घंटी वाजवून उठवण्याची सोय.' कोण पाहुणे?"

दिव्याच्या तोंडचं पाणी पळालं. मसुदा कोऱ्या कागदावरून सुरू करण्याऐवजी त्यानं एका हॉटेलचा तयार कागद मिळवला होता आणि 'हॉटेल' खोडून सगळीकडे 'हॉस्पिटल' घातलं होतं. पाहुणे तेवढे नजरेतून सुटले होते.

"ते... रुग्ण समज."

"रुग्णांना पहाटे उठवायला मशीन घेताय? ते काम आमच्या नर्सबाई फुकट करतात! थर्मामीटर तोंडात खुपसून! आणि पुढे बघ, 'पाहुणा खोली सोडून जाताच त्याचा फोन आपोआप बंद व्हावा.' वा! इथून माणूस दोन तऱ्हांनी जातो. तुझ्या मशीनला कुठली कळणार?"

"आत्या, अगं चुकून राहिलं ते."

"चुकून पिन, चुकून पाहुणे! तुझ्या हातून मुद्दाम काय होतं, ते एकदा बघायचंय मला. मला काय हवं, ते विचारलंस एकदा तरी?"

"विचारायचं काय त्यात? मला कळतं ना सगळं."

आत्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, की ओल्या भिंतीचा पोपडा खाली पडला. तिनं कागद त्याच्या अंगावर टाकले आणि हेडफोन कानाला लावला. "हॅलो, हॉस्पिटल. नाही, कुणी नाही, एक पाहुणे आलेत, निघालेच आहेत."

खरेदी समितीची बैठक वरच्या मजल्यावर, थंडगार खोलीत झाली. टेबलाच्या एका टोकाला मोठे डॉक्टर होते आणि दुसऱ्या टोकाला खरेदी अधिकारी. खरेदी अधिकारी अत्यंत कोरडे गृहस्थ. त्यांना काहीही दाखवलं की ते आधी त्याची पाठ बघत. पाहुण्यांची पानं वेळेवर गळाली होती, त्यामुळे बरीचशी गाडी सुरळीत गेली. मग आलं ते कलम.

"हे बघा," खरेदी अधिकारी म्हणाले, "'एक्सचेंजच्या खोलीत अनुभवी ऑपरेटर कायम हजर असावा. बाहेरून येणारा प्रत्येक फोन प्रथम त्याच्याकडेच जावा.' अहो, मशीन फोन उचलणार म्हणून मशीन घेतोय. मग माणूस कशाला? मशीनच्या सोबतीला?"

"साहेब, ज्याचं माणूस इथे आत आहे, त्याला तुम्ही एक दाबा, दोन दाबा सांगणार?"

"बँका सांगतात."

"बँकेत माणूस मरत नाही, साहेब!"

"तुमची आत्या आहे म्हणून बोलताय हे."

खोलीत सगळे एकदम पाण्याच्या बाटल्यांकडे बघायला लागले. दिव्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यात तो कधी इतक्या चढ्या आवाजात बोलला नव्हता. "हो, आत्या आहे! म्हणूनच मला ठाऊक आहे ती काय करते ते. रडणाऱ्या माणसाला ती दरडावते आणि तो ऐकतो. तुमच्या मशीनला दरडावता येतं का? तसं लिहू का? 'सर्व्हरला योग्य वेळी ओरडता आलं पाहिजे'? कुठली कंपनी देईल?"

"आवाज खाली घ्या."

"नाही घेत! हे कलम काढलंत, तर माझी सही काढा त्या कागदावरून."

मोठ्या डॉक्टरांनी हात वर केला. त्यांच्या स्वतःच्या आईला दाखल केलं होतं तेव्हा परगावाहून केलेला त्यांचा फोन बहुधा आत्यानंच घेतला असावा. ते एवढंच म्हणाले, "कलम राहू द्या. ऑपरेटर त्याच बाई, त्याच खोलीत. आणखी कुणाला ते जमणार नाही, हे यांनी पटवलंय मला. त्यांच्या नावचं दुसरं काही आलं असेल, तर रद्द समजा."

खरेदी अधिकाऱ्यांनी कागदाची पाठ बघितली आणि सही केली. 'दुसरं काही' म्हणजे काय, हे विचारायचं दिव्याला सुचलं नाही. तो जिने उडी मारत उतरला.

आत्या टेबलाचा खण रिकामा करत होती. खुर्चीवरची उशी, आरसा, चष्म्याचं घर, सगळं एका पिशवीत चाललं होतं. दिवा दारातूनच ओरडला.

"ठेव ते परत! झालं तुझं काम. भांडलो मी. खुर्ची कुठे जात नाही आता. तूच, याच खोलीत. लिहून घेतलंय, सहीसकट!"

आत्याचा हात पिशवीतच थांबला.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"सांगायला कशाला हवं?"

"वरच्या हॉलमधली चौकशीची खिडकी मागितली होती मी." तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच भयंकर होतं. "हे नवं मशीन मंजूर झालं की देतो म्हणाले होते. जन्मभर नुसते आवाज ऐकले रे दिवा! कोण रडतं, कोण हसतं, एकाचं तोंड बघितलं नाही. तिथे माणसं समोर उभी राहतात. तिथे ऊन येतं. आणि तू मला पुन्हा या जिन्याच्या पोटात घालून वर सही करून आलास?"

दिव्यानं खोलीभर पाहिलं, जणू सोडवणूक कुठल्यातरी कोपऱ्यात पडली असेल.

"आधी बोलली का नाहीस?"

"अबोला होता आपला. आणि तुला सगळं कळतं ना?"

तिनं हेडफोन डोक्यावरून उतरवला, त्याच्या हातात कोंबला, पिशवी खांद्याला लावली आणि ती दाराकडे निघाली. पॅनेलवर एक दिवा लुकलुकू लागला, मग दुसरा, मग तिसरा.

"आत्या, ऐक ना! आता काय करायचं गं?"

"फोन वाजतोय, उचल."